सतरा नोव्हेंबरचं पान

तिला दोन वाढदिवस होते आणि मला एकही नव्हता. माझ्या मत्सराची एवढीच गोष्ट आहे, बाकी सगळा तपशील. पण तपशील सांगितल्याशिवाय मी किती वाईट वागले ते कळायचं नाही, म्हणून सांगते.

ती म्हणजे यवतमाळच्या आमच्या शाळेतली, माझ्या बाकावरची मुलगी. तिचे वडील वकील. घराला पुढे ओसरी, ओसरीला लागून वडलांची खोली, आणि त्या खोलीत छतापर्यंत कपाटं, लाल फितीनं बांधलेल्या कागदांनी भरलेली. माझे आईबाप जिनात कामाला. सरकीपासून रुई वेगळी करणारे रेचे तिथे हंगामात दिवसभर धडधडायचे आणि आई त्या रेच्यांवर कपाशी घालायची. आमची वस्ती नाल्याच्या पलीकडे. शाळेत आम्हा दोघींचे नंबर एकमेकींना चिकटून यायचे, कधी ती पहिली तर कधी मी, म्हणून बाईंनी आम्हाला एका बाकावर बसवलं आणि तिथेच मैत्री झाली. मैत्री खरी होती. मत्सरही तितकाच खरा होता, आणि तो मी तिला कधी दिसू दिला नाही. तोंडावर गोड राहणं मला चांगलं जमायचं.

आम्ही तेराएक वर्षांच्या असताना, एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात, तिची आत्या पाँडिचेरीहून कायमची माहेरी आली. यजमान तिथे नोकरीला होते, ते वारले, मूलबाळ नव्हतं, भाऊ जाऊन घेऊन आला. पाँडिचेरीवरचं फ्रेंचांचं राज्य उठून फार वर्षं झाली नव्हती. आत्याबाई तिथे पंचवीस वर्षं राहिल्या होत्या आणि शेजारणीच्या संगतीनं फडाफडा फ्रेंच बोलायला शिकल्या होत्या. यवतमाळात त्या फ्रेंचचं करायचं काय? सकाळी तुळशीला पाणी घालताना त्या तिच्याशी फ्रेंचमध्ये बोलायच्या. तुळस काही उत्तर देईना, तेव्हा त्यांनी भाचीला शिकवायला घेतलं. भाची म्हणाली, माझी मैत्रीण पण हवी. अशी मी ओसरीवर जाऊन बसले.

मला प्यायला पाणी मिळायचं ते एका वेगळ्या काचेच्या पेल्यात. तो पेला खिडकीत उपडा असायचा आणि बाकीची भांडी आत असायची. कोणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही. आत्याबाईंच्या ते लक्षात आलं त्या दिवसापासून त्या स्वतःचा चहाही काचेच्या पेल्यात घ्यायला लागल्या आणि दोन्ही पेले खिडकीत उपडे ठेवायला लागल्या. त्यावर वकीलीणबाई दोन दिवस गप्प होत्या.

पहिला धडा तारखेचा. "आधी तारीख," आत्याबाई म्हणाल्या. "ज्याला तारीख घालता येते त्याला पत्र सुरू करता येतं. पुढचं आपोआप सुचतं."

त्यांच्याजवळ एक कॅलेंडर होतं. भिंतीवर टांगायचा जाड ठोकळा, रोज एक पान फाडायचं. पाँडिचेरीची ती शेजारीण दर वर्षी पाठवायची. पानावर मोठा थोरला आकडा, वर वार, खाली महिना, त्याच्याखाली कुण्या साधुसंताचं नाव. आम्ही गेलो की आत्याबाई पान दाखवायच्या आणि आम्ही ते पाटीवर उतरवून मोठ्यानं म्हणायचं. वार आधी, मग आकडा, मग महिना, मग वर्ष. महिन्याचं पहिलं अक्षर लहान काढायचं. ही सवय मला इतकी लागली की शाळेत इंग्रजीच्या बाईंनी त्याच्यासाठी माझे गुण कापले, आणि मला त्या गुणांचा अभिमान वाटला. सोमवार लँदी, मंगळवार मार्दी. जुलै म्हणजे झुइए, ऑगस्ट म्हणजे नुसतं ऊत. वर्ष म्हणायला घेतलं की दम लागायचा: मील नफ साँ स्वासाँत ए आँ. एक हजार नऊशे साठ आणि वर एक. आणि ‘आज अमुक तारीख आहे’ असं ते म्हणतच नाहीत. ‘नू सॉम’ म्हणतात, म्हणजे ‘आपण आहोत’. आपण आज बारा जून आहोत. आपण आज तेरा जून आहोत. मला ते ऐकून हसू आलं, मग आवडलं. जणू रोज सकाळी सगळं यवतमाळ उठून एक आकडा अंगात घालत होतं.

आणि इथे मी तिच्या पुढे होते. फ्रेंच उच्चार नाकातून काढावे लागतात, आणि जिनाच्या धुळीनं माझं नाक बारा महिने चोंदलेलं. तिचं नाक स्वच्छ, त्यामुळे तिला एक आवाज धड निघेना. आत्याबाई म्हणायच्या, "ऐक, ही कशी म्हणते बघ." मी पुन्हा म्हणायची. ती मनापासून टाळ्या वाजवायची, आणि मला ती टाळ्या वाजवते याचाही राग यायचा. जळायला पाहिजे होतं तिनं, आणि ती तर टाळ्या वाजवून राहिली होती.

आत्याबाईंचा एक रिवाज होता. फाडलेली पानं त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवायच्या, पण विद्यार्थ्याच्या वाढदिवसाचं पान त्याला द्यायच्या. मागच्या कोऱ्या बाजूला जांभळ्या शाईनं एक ओळ फ्रेंचमध्ये लिहायच्या. पाँडिचेरीला गल्लीतल्या कितीतरी पोरांना त्यांनी अशी पानं दिली होती. "तारीख शिकायची ती कशासाठी? आपण कधी आलो ते सांगता यावं म्हणून," असं त्यांचं म्हणणं.

एक जुलैला शनिवार होता. आम्ही दोघी गेलो तर आत्याबाईंनी मला विचारलं, "तुझी जन्मतारीख फ्रेंचमध्ये सांग." मी घरून घोकूनच गेले होते. "झ स्वी ने ल प्रमिए झुइए." आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अगं, आजच की! आणि तुला ठाऊक आहे का, फ्रेंच लोक सगळ्या तारखांना नुसते आकडे म्हणतात, दोन, तीन, चार. फक्त एक तारखेला ते ‘पहिली’ म्हणतात. मान आहे तिला." त्यांनी पान फाडलं, मागे ओळ लिहिली, फुंकर घालून शाई वाळवली आणि ते माझ्या हातात ठेवलं. आनंद माझ्या छातीत मावेना. त्या घरात माझ्याकडे काहीतरी होतं जे तिच्याकडे नव्हतं.

ती हसली. वाईट हेतूनं नाही, हे मला आज कळतं. तेव्हा कळलं नाही.

"आत्या, मग तुला अख्खा ठोकळा फाडावा लागेल! आमच्या अर्ध्या वर्गाची एक जुलै आहे."

"असं कसं?"

"ज्यांना आपली तारीख माहीत नसते ना, त्यांची गुरुजी एक जुलै लिहितात."

आत्याबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी पाटीकडे.

खोटं काहीच नव्हतं त्यात. मला पहिलीत घालायला बाबा घेऊन गेले तेव्हा गुरुजींनी विचारलं होतं, जन्मतारीख? बाबा म्हणाले, "कापसाच्या दिवसात झाली जी." गुरुजींनी मला खालून वर पाहिलं, दात पाहिले, आणि लिहिलं: एक जुलै. माझ्यामागच्या पोराची पण एक जुलै, त्याच्यामागच्याची पण. गुरुजी भला माणूस होता. तारखेवाचून पोराला परत पाठवलं तर ते पुन्हा येणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. आमच्या वस्तीत सगळी पोरं एक जुलैची होती, आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. सरकारनं सगळ्यांना एकाच ताग्यातलं कापड दिलं तसं ते होतं. त्या शनिवारपर्यंत मलाही काही वाटलं नव्हतं.

घरी जाताना नाल्यावर उभी राहून मी ते पान पाण्यात टाकलं. मागची जांभळी ओळ वाचलीसुद्धा नाही.

आमच्या घरात तारखेचा मान फार होता, हेच तर दुखत होतं. मी आठ वर्षांची असताना बाबा दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. पांढरं धोतर नेसून आले आणि आल्या आल्या त्यांनी देवळीतले देव काढले. त्याच्याआधी लग्नाचा दिवस काढायचा तर आम्हाला भटाच्या दारात लांब उभं राहावं लागायचं. तो पंचांग बघून काय ते ओरडून सांगायचा. बाबा म्हणाले, "आता आपल्या घरी पंचांग नाही. आता आपल्याले तारीख आहे." ते वाक्य ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. आणि त्यांच्या लेकीला तारीखच नव्हती.

मी आईला विचारलं. आई भाकरी थापत होती.

"मी कधी झाली वं?"

"कापसाच्या दिवसात. सांगतलं ना."

"दिवस कोणता?"

"काहून? कायले पायजे तुले दिवस? झाली, जगली, भागलं."

मी हट्टच धरला. मग आई हात थांबवून म्हणाली, "जिनाले आग लागली होती तो दिवस. म्या रेच्यावरच होती. रुईच्या गंजीनं पेट घेतला न् आमी साऱ्या जणी पळालो, म्या पोट धरून. दरवाज्यापासून घरापर्यंत आली तं कळा सुरू झाल्या. तुहा बाप तिकडे आग इझवून राह्यला होता. तो आला तवा तू होऊन गेलती. काळाठिक्कर होऊन आलता तो, तुले घेऊ का नको घेऊ करे."

"तारीख?"

"आगीले का तारीख असते?" आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

ते मला पुरलं नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं होतं. मी ती आग मनात जपून ठेवली.

मग आला नोव्हेंबर. सतरा तारखेला तिचा वाढदिवस. शुक्रवार होता, म्हणजे वाँद्रदी. दिवाळीची सुट्टी चालू होती. आत्याबाईंनी तिला विचारलं, तिनं नाकात अडकत अडकत कसंबसं सांगितलं, "झ स्वी ने ल दीसेत नोव्हाँब्र." उच्चार इतका वाईट की मला ऐकवेना. तरी पान मिळालं. मागे जांभळी ओळ. तिनं ते मला वाचायला दिलं, कारण तिला धड वाचता येत नव्हतं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि हसले. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

एवढ्यानं भागलं असतं तर मी सहनही केलं असतं. पण सहा दिवसांनी, त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, तिचा तिथीनं वाढदिवस आला. तारखेचा झाला तो शाळेपुरता, हा घरचा. औक्षण, खीर, नवा परकर. मला ओसरीवर खीर आली, काचेच्या पेल्यात. तिला काय वाटलं कोण जाणे, ती आतून लाल फडक्यातली गुंडाळी घेऊन आली. तिची कुंडली. जमिनीवर पसरून मला दाखवायला लागली: हा वार, हे नक्षत्र, इतक्या घटका, इतकी पळं. पळसुद्धा! आमच्याकडे महिन्याचा पत्ता नाही आणि हिच्याकडे पळं मोजून ठेवलेली.

माझा तोल गेला. मी म्हणाले, "त्यात काय मोठं? मी झाले तेव्हा जिनाला आग लागली होती. अख्ख्या यवतमाळनं पाहिली. तू झालीस तेव्हा काय झालं? भटजी आला, दक्षिणा घेऊन गेला."

तिनं कुंडलीवरचं बोट उचललं. म्हणाली, "कोणत्या जिनाला?"

मी नाव सांगितलं, वर मान उडवून. तिनं गुंडाळी बांधली. मला वाटलं, जिंकले. कुंडलीचं तोंड बंद केलं.

तेवढ्यात तिला आतून हाक आली, आजोबांच्या पाया पडायला. ती गेली. ओसरीवर मी, उष्टा पेला आणि तिच्या वह्यापुस्तकांचा गठ्ठा. ते पान ती नकाशाच्या पुस्तकात ठेवते हे मला माहीत होतं. फ्रान्सच्या नकाशात ठेवलं होतं तिनं, हौसेनं. मी पुस्तक उघडलं, पान काढलं, घडी घालून पोलक्यात सारलं आणि पेला विसळून खिडकीत उपडा घातला. सगळं इतकं शांतपणे केलं की मला माझंच नवल वाटतं.

चोरताना मला ते हवं होतं. घरी आल्यावर कळलं की ते मला नको आहे. सतरा माझा आकडा नाही, नोव्हेंबर माझा महिना आहे की नाही ठाऊक नाही, आणि मागची ओळ तिच्यासाठी लिहिलेली. ते पान मी जन्मभर उराशी धरून ठेवलं असतं तरी माझं झालं नसतं. आई पाणी आणायला गेली होती, चूल पेटलेली होती. माझं होत नाही ना, मग तिचंही नको. कागद जाड होता, आधी कडा काळ्या झाल्या, मग मधला मोठा सतरा थोडा वेळ तसाच दिसत राहिला. मी फुंकणीनं फुंकर घातली तेव्हा गेला.

दुसऱ्या दिवशी ती रडून डोळे लाल करून बसली होती. पान सापडत नव्हतं. मी काय केलं असेल? मी तिच्यासोबत शोधलं. एकेक पुस्तक उपडं करून झटकलं, ओसरीवरच्या गादीखाली हात घातला, सतरंजी उचलली. तिच्यापेक्षा जास्त वेळ मी शोधत होते. "उंदरानं नेलं असेल," ती म्हणाली. तिच्या मनात माणूस आलाच नाही. "असेल," मी म्हणाले. आत्याबाई दारात उभ्या होत्या. "दुसरं देता यायचं नाही गं. ठोकळ्यात सतरा नोव्हेंबर एकदाच येतो," त्या हळहळून म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही, मला आठवत नाही. मी पाहिलं नाही हे आठवतं.

त्यानंतर तीन आठवडे मी ओसरीवर गेले, तारखा लिहिल्या, म्हटल्या. ती मात्र त्या दिवसांत जरा विचित्र वागत होती. मला बघून वडलांच्या खोलीतून घाईनं बाहेर यायची. वकीलसाहेबांचे मुनशी कपाटावर चढून कागद काढताना दिसायचे, मी आले की कपाट लावून घ्यायचे. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, पान शोधताहेत. माझ्यावर वहीम आला आहे. आता शाळेत कळणार, वस्तीत कळणार, बाबांना कळणार. बाबा मारणार नाहीत, पण ‘आपल्याले तारीख आहे’ हे वाक्य पुन्हा कोणाला ऐकवणार नाहीत, याची मला धास्ती होती.

डिसेंबरच्या मध्यावर एका संध्याकाळी आईबाबा जिनातून नुकतेच परतले होते, केसांत रुई घेऊन. मी चुलीपाशी. दारातून आवाज आला आणि पाहते तर ती. आमच्या घरी ती पहिल्यांदाच येत होती. नाल्यापलीकडे सायकल धरून मुनशी उभे होते. मी मनात म्हटलं, आली, आता सांगणार.

ती बाबांच्या पाया पडायला वाकली. बाबा दोन पावलं मागे सरले. मग तिनं वहीतून दोन कागद काढले. एक तिच्या वडलांच्या अक्षरातली चिठ्ठी, दुसरं कॅलेंडरचं पान.

"माझ्या बाबांनीच चालवला होता तो खटला," ती धापा टाकत बोलत होती. "जिनाच्या आगीचा. मी विचारलं तर म्हणाले, कागद असतील कुठेतरी. मुनशीकाका रोज शोधत होते. तुला सांगायचं नव्हतं ना, म्हणून मला पळावं लागायचं. काल सापडले. पंचनाम्यात सगळं लिहिलंय. चौदा डिसेंबर. संध्याकाळी पावणेसहा वाजता आग दिसली. म्हणजे तुझी जन्मवेळ पण मिळाली!" आणि मग हसून म्हणाली, "तुझी कुंडली आमच्या कपाटात होती गं."

तो दिवस चौदा डिसेंबरचाच होता. तिनं दिवस उजाडायची वाट पाहिली होती.

आई पदराला हात पुसत पुढे आली. "हो, हो. दिवे लावाचा वखत होता," ती म्हणाली, आणि तिनं ती चिठ्ठी उलटी धरून बराच वेळ पाहिली. तिला वाचता येत नव्हतं. बाबांनी मला पुन्हा पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "मंग एक जुलैचं काय?"

"राहू द्या ती," आई म्हणाली. "ते सरकारची. हे आपली."

आईनं चहा टाकला. आमच्याकडे दोनच कपबश्या होत्या. माझी मैत्रीण गोणपाटावर मांडी घालून बसली आणि बशीत ओतून फुर्र करून प्यायली, जशी आम्ही पितो तशी. तिला चटका बसला, ती हसली. मी तिच्याकडे बघत होते. उपकार वाटायला पाहिजे होते, लाज वाटायला पाहिजे होती. लाज वाटत होतीच. पण खरं सांगते, सगळ्यात आधी मला पुन्हा तिचा मत्सर वाटला. चांगलं वागण्यातही हीच पहिली आली. मी उरले दुसरी, आणि तीही चुलीपाशी, जिथे तिचं पान जळलं होतं तिथेच बसलेली.

पानावर लिहिलं होतं झदी, म्हणजे गुरुवार, मग कातोर्झ, देसाँब्र. मागे जांभळ्या शाईत, "नू सॉम ल कातोर्झ देसाँब्र." आज आपण सगळे चौदा डिसेंबर आहोत. तिनं विचारलं, "काय लिहिलंय? वाच ना." मी वाचून दाखवलं आणि अर्थ सांगितला. ती म्हणाली, "नीट ठेव. माझ्यासारखं हरवू नकोस."

"नाही हरवणार," मी म्हणाले.

आणि हरवलं नाही. आज ते माझ्या टेबलाच्या खणात आहे, पिवळं पडलेलं. शाळेच्या दाखल्यात बदल होऊ शकला नाही. नोकरी एक जुलैवर लागली आणि एक जुलैवरच संपली. निवृत्तीच्या दिवशी तालुक्यातले आम्ही इतके एक जुलैवाले शिक्षक एकदम निवृत्त झालो की हार कमी पडले आणि एकच हार चौघांच्या गळ्यात फिरला. आम्ही खूप हसलो. मला तेव्हा तसं हसता आलं, कारण माझ्या खणात माझी तारीख होती.

ती लग्न होऊन दूर गेली, आत्याबाई त्याच ओसरीवर म्हाताऱ्या झाल्या आणि गेल्या. मी दर वर्षी तिला सतरा नोव्हेंबरला एक पत्र लिहिते. वर संपूर्ण तारीख, फ्रेंचमध्ये, वारासकट, महिन्याचं अक्षर लहान. एकही वर्ष चुकलं नाही. तिला वाटतं, प्रेम. प्रेम आहेच, पण सुरुवातीला तो मी स्वतःला लावून घेतलेला दंड होता. एकदा तिनं लिहिलं, "माझ्या पोरांना माझी तारीख आठवत नाही, तुला कशी काय आठवते गं?" मी उत्तर दिलं, लहानपणी घोकलेलं विसरत नाही. आत्याबाई म्हणायच्या, तारीख घातली की पुढचं आपोआप सुचतं. मला पुढचं इतकी वर्षं सुचलेलं आहे, फक्त कागदावर उतरत नव्हतं. पत्रात मी पीकपाणी लिहायची, तब्येती लिहायची, कोण वारलं ते लिहायची.

आज पुन्हा सतरा नोव्हेंबर आहे. कागद घेतला, वर तारीख घातली. खाली लिहिलं, तुझं पान हरवलं नव्हतं.